चिठ्ठ्या टाकून वाटलेलं मलम

अण्णा, तुम्हाला लिहायला बसले आहे, पण या कागदात आदर शोधू नका. तो चिंचवडच्या आपल्या स्वयंपाकघरातच संपला, तुम्ही पाटावर बसून आमटीभात कालवत होतात तेव्हा.

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता आणि आसपासच्या डॉक्टरांना आपणही काहीतरी शोधावं असं वाटू लागलं होतं. तुम्ही कोडावरचं मलम केलंत, बावचीच्या बियांचं. ते लावून उन्हात बसायचं. मी तेव्हा कॉलेजात जायच्या वयाची, हातांवर आणि मानेवर पांढरे डाग, आणि कुठलंच स्थळ दुसऱ्यांदा आपल्या दारात येत नसे. दवाखान्याच्या ओट्यावर तुम्ही केवढ्या ऐटीत सांगितलंत, "निम्म्यांना औषधाचं मलम, निम्म्यांना साधं. कुणाला कुठलं ते चिठ्ठ्या ठरवतील. इथं माझी मुलगी आणि तुम्ही सारखेच." लोकांनी हात जोडले. मीही तुमच्याकडे अभिमानानं पाहिलं. आज ते आठवून मला हसू येतं, आणि ते हसू चांगलं नसतं.

वाकडच्या एका शेतकऱ्याची सून माझ्या शेजारी पोत्यावर बसायची. माझ्याच वयाची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कोड. अंगण तापलेलं आहे, आम्ही दोघी हात पसरून बसलो आहोत, ती मधूनच शेंगा फोडून मला दाणे देते आहे. थोड्याच दिवसांत तिच्या हातांवर पाण्यानं टम्म भरलेले फोड येतात. माझ्या हातांवर काहीच नाही. तिची सासू तुमच्यापुढे येऊन उभी राहिली. "डाक्टर, पोरगी निजत न्हाई. लई आग हुतीया. बंद करू का?"

"बंद कशाला? औषध लागू पडतंय," तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा खुलला होता.

फोड फुटले, चिघळले. जखमा भरल्या तेव्हा कातडी अशी आखडली की तिचे कोपर सरळ होईनात. भाकरी थापता येईना म्हणून नवऱ्यानं तिला खेडला माहेरी नेऊन सोडलं. तुम्ही मात्र पुण्याला डॉक्टरांच्या सभेत मलमावर बोललात. 'काहींना किंचित दाह' एवढीच तिची नोंद झाली. हारतुरे घेऊन घरी आलात, जेवायला बसलात. मी विचारलं, "अण्णा, मला काहीच कसं झालं नाही? चिठ्ठीत साधं निघालं होतं?"

तुमचा घाससुद्धा थांबला नाही. "तुझी चिठ्ठी टाकलीच नव्हती मी. तुला नुसतं व्हॅसलीन दिलं. मलम भाजतं हे मला आधीच ठाऊक होतं. पोटच्या पोरीला भाजू होय?" आणि शाबासकीसाठी आईकडे पाहिलंत. आईनं भात वाढला.

तुम्ही नुसते निर्दय असतात तर मी तुम्हाला ओळखलं तरी असतं. तुमचं शास्त्र खोटं, डॉक्टरकी खोटी, आणि जिला तुम्ही माया म्हणत होतात ती दुसऱ्याच्या लेकीच्या कातडीवर पोसलेली. वर त्यात मला न विचारता वाटेकरी करून घेतलंत.

पुढच्याच आठवड्यात मी एसटीनं खेडला गेले. तिच्या ओसरीवर बसून तिला सगळं सांगितलं, चिठ्ठ्या, व्हॅसलीन, सगळं. आपल्या वाकड्या हातानं माझा हात धरून तिनं उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "बरं झालं बाई. एकीचं तरी हात ऱ्हायलं." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता तो.

मी शाळेत शिकवू लागले, लग्न केलं नाही, तुमच्या शेवटच्या आजारपणात तुमची भांडी धुतली आणि एक शब्द गोड बोलले नाही. याचं मला वाईट वाटत नाही. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एवढं सांगते: त्या दिवशी मी तिचं दुःख वाटून घ्यायला गेले नव्हते. तिनं तुम्हाला शिव्या द्याव्यात आणि मी त्या ऐकाव्यात, म्हणून गेले होते. तिनं दिल्या नाहीत. तुम्हाला क्षमा करण्याचा प्रश्नच नाही अण्णा, पण शिव्या न दिल्याबद्दल तिलाही मी अजून क्षमा केलेली नाही.