इंजिनाला खोबरेल

अब्बा, त्या लाल गाडीच्या इंजिनाला खोबरेल मी लावलं होतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्या गोष्टीला तर त्याहून कितीतरी जास्त. तरी हे वाक्य लिहिण्याआधी मी खोलीचं दार लावून घेतलं, म्हणजे तुमची भीती अजून शाबूत आहे.

गेल्या आठवड्यात अरबाबांचा फोन आला. तुमचे जिदहफ्सचे अरबाब, इथे आखातातले तुमचे मालक. आता काठी घेऊन चालतात, पण ती लाल, दोन दारांची अमेरिकन गाडी अजून त्यांच्याकडे आहे. नातवाचं लग्न आहे, नवरदेव तिच्यातूनच जाणार. आणि इथले पुरुष अशी गाडी दिसली की आधी बॉनेट उघडायला लावतात, नवरदेवाकडे मागाहून बघतात. "तू उस्ताद की बेटी. इंजिन चमकना मंगता. यल्ला, जल्दी," म्हणाले. मी इथल्या सित्र्याच्या कारखान्यात इंजिनियर आहे, चाळीस माणसं माझ्या हाताखाली आहेत, हे त्यांच्या खिजगणतीतही नाही.

शुक्रवारी सकाळीच गेले. सगळं तुमच्या पद्धतीनं केलं. इंजिन गार असल्याची खात्री केली, बॅटरीची वायर काढली, कार्ब्युरेटरला आणि डिस्ट्रिब्युटरला खुबूस रोटीच्या रिकाम्या पिशव्या गुंडाळून वर रबरबँड लावले. मग तेलकट मळ सुटायचा फवारा, आणि कोपऱ्याकोपऱ्यात टूथब्रश. (टूथब्रश नवऱ्याचा होता, त्याला अजून सांगितलेलं नाही.) "इंजिनाला पानी दाखवायचं, पाजायचं नाय," असं तुम्ही म्हणायचात, म्हणून ओल्या फडक्यानंच पुसत राहिले. रबरी नळ्या बदलल्या, वरच्या झाकणांना काळा रंग मारला. आणि घासता घासता तो दिवस आठवत राहिला.

मी बारा वर्षांची आहे, मे महिन्याच्या सुट्टीत अम्मीबरोबर इथे तुमच्याकडे आलेय. मआमीरच्या तुमच्या गॅरेजात स्टुलावर बसून बघतेय. दोन दिवस खपून तुम्ही हेच इंजिन धुतलंय आणि जुम्म्याच्या नमाजाला गेलाय. मला ते इंजिन कोरडं, रापलेलं दिसतंय. आपल्या रत्नागिरीच्या घरी कुलूप अडकलं तर खोबरेल, बिजागरी कुरकुरली तर खोबरेल, शिलाई मशीन जड झालं तरी खोबरेल, आणि माझ्या वेण्या तर कायमच्या थबथबलेल्या. अम्मीनं गावाहून आणलेला डबा मी उचलते आणि तुम्हाला खूश करायला सगळं इंजिन चोळून काढते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या जाडजूड नळ्यांना तर दोन हात जास्तच.

संध्याकाळी अरबाब चार दोस्तांना घेऊन आले. तुम्ही ऐटीत बॉनेट उघडलंत, गाडी चालू केलीत. नळ्या तापल्या, पांढरा धूर निघाला आणि गॅरेजभर खोबरेलाचा खमंग वास सुटला. शेजारच्या दुकानातला मल्याळी माणूस, कुठे काय शिजतंय ते बघायला, डोकावून गेला. अरबाबांनी नाक वर केलं, "उस्ताद, इंजिन में मच्छी फ्राय किया?" दोस्त हसून लोळायचे बाकी होते. तुम्ही नवीन पॉलिशचा डबा उचलून कचऱ्यात भिरकावलात. "मेरी गलती, अरबाब. पॉलिश खराब निकला." माझ्या हातांना वास येत होता, पण तो रोजच यायचा, म्हणून मी वाचले.

तुमचं नाव मात्र गेलं. सगळं मआमीर तुम्हाला नारियल उस्ताद म्हणायला लागलं. तुम्ही हसण्यावारी न्यायचात, पण डोक्याला तेल लावायचं त्या दिवसापासून सोडलंत. ते मी बघत होते, अब्बा. फार लागलं मला. आणि तरी बोलले नाही.

म्हणून परवा ठरवून गेले होते, तुमच्या नावावरचा हा डाग धुऊनच परतायचं. लग्नाच्या पाहुण्यांसमोर तो किस्सा पुन्हा रंगणार, हे मला ठाऊक होतं. काम आटोपल्यावर अरबाबांना म्हटलं, "वो तेल मैंने लगाया था. अब्बा की गलती नहीं थी."

त्यांनी काठी आपटली. "मफी! बिलकुल नहीं! ये बात किसी को नहीं बोलना. इतना साल से मैं ये किस्सा बोलता. तू बोलेगी तो उस्ताद किस्से से बाहर. फिर उसको कौन याद करेगा? ये लड़का लोग?"

तेवढ्यात ते लड़का लोग आलेच, जावई, भाचे, लांबचे कोणकोण. बॉनेट उघडलं, वाहवा झाली आणि अरबाब सुरू झाले. तुम्हाला कधीही न बघितलेली ती पोरं "नारियल उस्ताद, नारियल उस्ताद" म्हणत पोट धरून हसत होती. तुम्ही त्या बॉनेटपाशी उभे होतात, अब्बा, हातात फडकं घेऊन. इतक्या वर्षांत तुम्ही मला एवढे स्वच्छ कधी दिसला नव्हतात.

हे पत्र मी कुठे टाकणार! घडी घालून कपाटात ठेवीन. पण कबुलीच द्यायची तर पुरती देते. मी गप्प बसले एवढंच नाही. किस्सा सांगताना अरबाब डोकावून गेलेल्या त्या मल्याळ्याला विसरले होते. तो भाग मी सांगितला.