तिसऱ्या गाण्यात धावले कोण

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौसष्ट, व्यवसाय बेस गिटार वाजवणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, फक्त माझ्या स्वतःच्या नेहमीच्या दडपणाखाली, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दोनदा सुरुवात केली होती, पण दोन्ही वेळा पहिल्याच पानावर छातीत धडधडू लागले म्हणून कागद फाडले. ते तुकडे कोठे सापडल्यास ग्राह्य धरू नयेत.

येत्या बुधवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय मध्येच पुढे धावतं." माझी पत्नी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "हे तर मी किती वर्षं सांगतेय, डॉक्टर." डॉक्टर नुसते हसले. ती असे का म्हणाली ते कलम सात वाचल्यावर कळेल.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व गॅलरी, माझ्या पत्नीचे राहील. ती कपडे शिवते. पुढच्या खोलीतले शिवणयंत्र व कापायचे टेबल आधीपासून तिचेच आहे, त्यावर मी फक्त कधीकधी कोपरे टेकवले. बाहेर पडताना गॅसची कळ बंद आहे ना हे तीनदा पाहण्याचे काम माझ्याकडे होते. यापुढे तिने एकदा पाहिले तरी चालेल. शक्यतो दोनदा पाहावे.

कलम २. बँकेतील शिल्लक पत्नी व मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. भांडण होण्याइतकी ती नाही.

कलम ३. माझी बेस गिटार मी माझ्या शिष्येला देतो. ती रुग्णालयात परिचारिका आहे, आठ वर्षे माझ्याकडे शिकते, आणि तिला स्वर धरून ठेवता येतो. मात्र पुढील अटींवर. तारा बदलू नयेत. या सपाट गुंडाळणीच्या तारा एकोणीस वर्षांच्या आहेत, बोटांच्या तेलाने मऊ झालेल्या आहेत, आणि मला हवा तो जाड, दबलेला आवाज त्यांनी गेल्या दहा वर्षांतच द्यायला सुरुवात केली. ब्रिजपाशी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिथे, तारांखाली स्पंजचा एक तुकडा खोचलेला दिसेल. तो पत्नीकडच्या कोटाच्या खांद्यात घालायच्या पॅडचा आहे. कचरा समजून काढू नये, त्यानेच स्वर वेळेवर मिटतो. गिटार भिंतीला टेकवून ठेवू नये. खिडकीजवळ ठेवू नये. खिडकीपासून फार लांबही नको, तिथे ओल आहे.

हे एवढे लिहितो त्यास कारण आहे. माझ्या मुलीने पहिल्या पगारातून मला न सांगता नव्या चकचकीत तारा आणून स्वतः चढवल्या होत्या. गिटार जेवणाच्या ताटासारखी खणखणू लागली. मी नको ते बोललो, आणि केराच्या बादलीत हात घालून जुन्या तारा बाहेर काढल्या. तिने त्या कापल्या नव्हत्या हे नशीब. पोर रडत आत गेली. त्या दिवशी मी जे बोललो ते सर्व या कागदाद्वारे मागे घेतो. तारांविषयीचे मत मागे घेत नाही.

कलम ४. माझा लयमापक यंत्राचा लाकडी डबाही शिष्येलाच. रोज वीस मिनिटे, मिनिटाला साठ ठोके, एकच स्वर. तो सुरू कसा होतो याइतकेच तो संपतो कुठे हे पाहावे. मग ठोके निम्मे करून ते दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर समजावेत. पहिली मात्रा आपली आपण सांभाळायची. हे कंटाळवाणे आहे. मी चाळीस वर्षे केले तरी मला पुरते आले नाही. माझे काम बरेचसे पत्नीच्या शिवणयंत्राने केले. तिचे पाय एका गतीने चालत, मी पलीकडे वाजवत असे, आणि मध्येच यंत्र थांबून आवाज येई, "अहो, पुढे गेलात." तिचे कधी चुकले नाही.

कलम ५. हे मालमत्तेत मोडत नाही, तरी देऊन ठेवतो. लोकांना वाटते, आम्ही वाजवतो ते सोल संगीत म्हणजे घसा फोडून गाणे. घसा भाजीबाजारातही फोडतात. माझ्या मते सोल म्हणजे थांबता येणे. गाणारी बाई ओळ संपवून श्वास घेते तेव्हा बेसवाल्याने तोंड बंद ठेवावे. तेवढ्या रिकाम्या जागेत ऐकणाऱ्याला स्वतःचे काहीतरी आठवते. बेस चांगला वाजत असेल तर तो कोणाच्या लक्षात येत नाही, थांबला की मात्र सगळे वळून पाहतात. माझ्यासारख्या घाबरट माणसाने हे संगीत का निवडले असे शिष्येने एकदा विचारले होते. मला जे येत नव्हते ते त्यात होते म्हणून.

कलम ६. मोठा ॲम्प्लिफायर जो तिसऱ्या मजल्यावरून खाली नेईल त्याचा. टेबलाच्या खणातील, गिटारचा आवाज बदलणारी अकरा पेडल विकून टाकावीत. प्रत्येक पेडल मी वाईट वाजवल्याच्या दुसऱ्या दिवशी विकत घेतले आहे. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय. माझ्या मेहुण्याने लग्नापासून आजतागायत प्रत्येक भेटीत मला विचारले आहे, "चारच तारा? बाकीच्या दोन कधी बसवणार?" मुलीने आणलेल्या नव्या तारांपैकी दोन पाकिटात ठेवल्या आहेत. त्या त्याला द्याव्यात, म्हणजे त्याचा जीव थाऱ्यावर येईल.

कलम ७. हे कलम लिहायला तीन दिवस लागले. कपाटात स्वेटरांखाली पत्र्याच्या डब्यात रेकॉर्डिंगच्या टेपचे एक रीळ आहे. माझ्या मृत्यूनंतर ते आमच्या बॅण्डच्या जुन्या ड्रमरला द्यावे. त्याला सगळे काटा म्हणत. घड्याळाचा काटा चुकेल पण हा चुकणार नाही, म्हणून ते नाव पडले.

सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही आठजण आमची पहिली रेकॉर्ड करत होतो. सगळे एकाच खोलीत एकत्र वाजवत होतो, पण रिळावर प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर उतरत होते. तिसरे गाणे दुसऱ्या कडव्यानंतर धावले. शेवटी शेवटी गाणारीला शब्द पुरे उच्चारता येईनात. बॅण्डमास्तर काचेमागून बाहेर आले आणि म्हणाले, "धावलं कोण?" आमच्या धंद्यात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते, लय गेली की मान ड्रमरची. सगळ्यांनी काट्याकडे पाहिले. काट्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली बघून गिटारची खुंटी पिळू लागलो. तार सुरातच होती.

मी धावलो होतो. कडव्याच्या शेवटी एक अवघड जागा होती, ती चुकेल या भीतीने मी ती लवकर उरकायला निघालो, आणि माझ्यामागे सगळे फरफटले. काटा एकटा मागे ओढत होता. त्याला त्याच दिवशी काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. पुढे दुसऱ्या कोणत्या बॅण्डने त्याला घेतले नाही. तो शाळेची बस चालवू लागला. ती बस सकाळी सात चाळीसला कोपऱ्यावर येते, मिनिटभर आधी नाही की नंतर नाही. मी तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

घरी आल्याबरोबर मी हे पत्नीला सांगितले होते. ती म्हणाली, "आत्ता जा आणि सांगून या." मी म्हणालो, उद्या जातो. तो उद्या अजून आलेला नाही.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा रेकॉर्डिस्ट जुनी रिळे टाकून देत होता, त्यातून मी हे मागून घेतले. त्यातले दोनच ट्रॅक ऐकावेत, त्याच्या पायाच्या ड्रमचा आणि माझा. माझा प्रत्येक स्वर त्याच्या पायाच्या आधी पडतो. ऐकणाऱ्याला शंका राहणार नाही. त्याने मला क्षमा करावी असे मी येथे लिहू शकत नाही, कारण क्षमा ही माझ्या मालकीची वस्तू नाही.

पुरवणी, मंगळवार. हा कागद टाईप करण्यासाठी काल मुलगी आली. कलम सातपाशी तिची बोटे थांबली.

"बाबा, मेल्यावर कबुली? हे म्हणजे वरातीमागून घोडं. आणि तुम्ही मेलाच नाहीत तर?"

या शक्यतेचा मी विचार केला नव्हता. बाकी सगळ्यांचा केला होता. मी काही बोलायच्या आत तिने काट्याला फोन लावला. मी उठून गॅसची कळ पाहून आलो.

आज दुपारी वकीलबाई आल्या, साक्षीदार म्हणून शेजारचे औषधवाले आले. दुसरे साक्षीदार, खालच्या मजल्यावरचे लिफ्ट दुरुस्त करणारे, कामावर अडकले. तेवढ्यात बेल वाजली. दारात काटा उभा होता, ड्रायव्हरच्या गणवेशात. बस खाली लावून आला होता. तो टेबलाशी बसला, कागद मागून घेतला आणि कलम सात दोनदा वाचले. शेजारी चाललेले पत्नीचे शिवणयंत्र थांबले. मला कळले की वाचून भागणार नाही, तोंडाने बोलावे लागेल.

"मी धावलो होतो," मी म्हणालो.

"माहीत आहे. रेकॉर्डिस्टनं दुसऱ्याच दिवशी ऐकवलं होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." त्याने कागद सरळ केला. "आधी वाटलं, आठवडाभरात येईल. मग वाटलं, वर्षात. तू फुटपाथ बदलायचास तेही दिसायचं मला बसमधून. फार राग आहे रे तुझा. अजून आहे."

मी रडलो. सगळ्यांदेखत रडलो, आणि ते येथे लिहिल्याने मला लाज वाटत नाही. मी विचारले, "माफ करशील का?"

"उद्या त्या ऑपरेशनमधून परत ये, मग बघू."

साक्षीदार एक कमी आहे असे वकीलबाई म्हणाल्या. काटा म्हणाला, "मी करतो सही."

"साक्षीदाराला या कागदातून काही घेता येणार नाही हं," वकीलबाई म्हणाल्या. "तुमचं कलम सात बाद होईल."

"होऊ दे. मला काय करायचंय रीळ? याच्याकडेच राहू दे. हा घरी आला की दोघं मिळून ऐकू."

म्हणून कलम सात रद्द समजावे. रीळ स्वेटरांखालीच राहील. बाकी सर्व कलमे कायम, विशेषतः तारांचे.

वकीलबाई "इथे सही" असे म्हणतात न म्हणतात तोच मी पेन टेकवले. काटा म्हणाला, "थांब." त्याने टेबलावर बोटाने ठोके दिले, एक, दोन, तीन, चार, सावकाश, साठच्या गतीने. पुढच्या एकवर मी सही केली. त्याच्या आधी नाही.

मृत्युपत्र करणार: (सही) बेसवाला
आमच्यासमोर सही झाली, आणि आम्ही आमच्या सह्या त्याच्यासमोर केल्या:
साक्षीदार १: (सही) शेजारचे औषधवाले
साक्षीदार २: (सही) काटा, ड्रमर
स्थळ: पुढची खोली, कापायचे टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. वेळ काट्याच्या घड्याळाप्रमाणे.