घाटातला माणूस लाटेवर

इगतपुरी

प्रिय नाथा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. फोन वाजून वाजून गप्प होतो. कागदाचं तसं नसतं, तो समोर पडून राहतो आणि डोळ्यांना टोचतो. कुसावहिनींनी हे हातात दिलं की उशीखाली सरकवू नकोस, तुझ्या सगळ्या खोडी मला ठाऊक आहेत. लकवा उजव्या अंगाला मारलाय, डोळे धड आहेत, तेव्हा वाच. वहिनी परवा फोनवर सांगत होत्या, "भाऊजी, डॉक्टर म्हणता, आत्ता हातपाय हलवले तर चालतील, नाही तं खाटेवरच. आन हे भिंतीकडं तोंड करून पडता." पहिल्यांदा उभं करताना पडलास म्हणे, आणि तेव्हापासून व्यायाम घ्यायला येणाऱ्या माणसाला अंगाला हात लावू देत नाहीस. बरं बाबा. शहाणपण शिकवायला मी बसलेलो नाही. पण पडण्याच्या बाबतीत सध्या माझा हात धरणारा कोणी नाही, तर ती हकीकत तरी ऐक.

वेदिकाला मालवणजवळच्या एका शाळेत नोकरी लागली, हे तुला माहीत आहे. पोरीचं घर लावून द्यायचं म्हणून मी आणि मंगला थंडीत तिकडे गेलो आणि चांगले मुक्काम ठोकून राहिलो. आपल्याकडे पाणी म्हणजे धरणातलं नाही तर भाताच्या खाचरातलं. ते एका जागी बसतं, आपण त्याच्याकडे जायचं. मुंबईची चौपाटी आपण दोघांनी पाहिलीय, पण खरं सांगायचं तर आपण तिथे भेळ पाहिली. इथे सकाळी किनाऱ्यावर कोणी नसताना उभा राहिलो, आणि पाणी आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आलं. परत गेलं, पुन्हा आलं. मी बावळटासारखा तिथेच उभा. मंगला हाका मारून थकली, चहा निवला. एवढं आयुष्य मी जड वस्तू हलवण्यात घालवलं, एक मालगाडी जागची हलायला काय काय लागतं ते माझ्या हाडांना माहीत आहे. आणि इथे हे एवढं वजन हलत होतं, ना डिझेल, ना वीज, ना कोणी चालवणारा. माझे हात आपोआप जोडले गेले.

तिथे साई नावाचा एक माणूस लाटेवर उभं राहायला शिकवतो. कोळ्याच्या घरातला, तिशी-पस्तिशीचा, उन्हाने तांब्यासारखा झालेला. लांबलचक फळी असते, तिची दोरी घोट्याला बांधायची, फळीवर पालथं पडायचं, हातांनी पाणी मारायचं, आणि लाटेने उचललं की झटक्यात उभं राहायचं. वेदिकाने स्वतःचं नाव घातलं, त्याखाली मी माझं घातलं. मंगला म्हणाली, "रिटायर होताना इंजिनावरची पेटी, झेंडे जमा केले तसं डोकंही जमा करून आलात वाटतं." ती रोज माडाखाली शेंगा सोलत बसायची आणि मी पडलो की शेजारच्या बायकांना सांगायची, हे आमचे नव्हेत.

सुरुवातीला साई आमची फळी धरून लाटेपुढे ढकलून द्यायचा. मला भारी लाज वाटली. त्याला म्हटलं, बाबा रे, ढकलणं हा माझा धंदा होता. कसाऱ्याहून घाट चढताना पुढचं इंजिन पुरत नाही, म्हणून गाडीच्या शेपटीला बँकर इंजिन लावतात. ते मागून रेटत गाडी इगतपुरीला आणतं आणि तिथे सुटतं. पुढच्या इंजिनात माझा दोस्त नाथा, मागच्यात मी. आम्ही दोघांनी मिळून किती गाड्या वर काढल्या असतील, देवाला माहीत. मला कोणी ढकलायचं नाही. साई हसला आणि बाजूला झाला. मग काय, एकही लाट माझी होईना. वेदिका उभी राहून थेट वाळूपर्यंत जायची, मी मागे पाण्यात गटांगळ्या खात बसलेला. लाट फळीखालून निघून जायची आणि मी तिला पाहुण्यासारखा निरोप द्यायचो.

का होत होतं, ते सांगतो, तुला लगेच कळेल. आपल्या कामात मागच्याने कधी आपल्या मनाने जोर लावायचा नाही. पुढून इशारा येईल, गाडी ताणली जाईल, मग आपण. आयुष्यभराची सवय. मी फळीवर पडून लाट येऊन टेकायची वाट पाहायचो आणि मग हात मारायचो. तोवर ती गेलेली असायची. साईने सांगितलं, लाट थांबलेल्याला घेत नाही. ती लांब असतानाच हात मारायला लागा, तिच्या चालीत या, आणि घेतलं असं वाटलं तरी लगेच थांबू नका, आणखी थोडं मारा. आणि दुसरी खोड त्याहून वाईट. मी सारखा फळीच्या टोकाकडे बघायचो. बँकरवाल्याला दुसरं काय दिसणार? डोळ्यांपुढे कायम डब्याची पाठ. रस्ता तू पाहायचास. पण फळीचं असं आहे की नजर जाते तिकडे ती जाते. मी खाली बघायचो, की टोक पाण्यात घुसलंच आणि तुझा हा धनराज डोक्यावर. साई ओरडायचा, "काका, फळयेकडे कित्या बघतास? माडांकडे बघा." नाकातोंडात खारं पाणी, गुडघे सोललेले, मंगलाच्या बाटलीतलं खोबरेल तेल संपत आलेलं. एका सकाळी मी चिडून फळी वाळूवर टाकली आणि म्हटलं, झालं एवढं पुरे. हो, मीही भिंतीकडे तोंड करून झोपलो होतो. फक्त माझी भिंत मालवणातली होती.

दुसऱ्या दिवशी का गेलो, मला सांगता येणार नाही. झोपेतसुद्धा अंग हलत होतं, तेवढंच आठवतं. त्या दिवशी साईने मला लगेच पाण्यात उतरूच दिलं नाही. वाळूत बसवलं आणि नुसतं बघायला लावलं. लाटा कुठे उठतात, कुठे फुटतात, मोठ्या आल्या की मागे पाणी कसं निवांत होतं. बघता बघता कळलं, की मी येईल त्या लाटेमागे धावत होतो आणि दमत होतो. मग आत गेलो, बऱ्याच लाटा हात जोडून जाऊ दिल्या. आणि एक आली. लांबून नुसता पाण्याला फुगवटा, पांढरं काही नाही. मी तोंड किनाऱ्याकडे केलं, माडाचा शेंडा नजरेत धरला आणि हात मारायला लागलो. ती मागे आली हे दिसलं नाही, अंगाला कळलं. नाथा, मागून इतका मोठा जोर येतो आणि धक्का बसत नाही, हे मी कधी अनुभवलं नव्हतं. आईने झोपलेलं पोर उचलावं तसं तिने मला उचललं. मी अजून थोडे हात मारले, हात छातीखाली घेतले आणि उभा राहिलो.

आवाज बंद झाला सगळा. पाय वाकलेले, हात पसरलेले, समोर माड, वाळू, मंगला शेंगा टाकून उभी राहिलेली. आणि खाली तो अख्खा समुद्र मला घेऊन चाललेला. ही लाट कुठून निघाली असेल रे? कुठल्या वाऱ्याने उठली असेल, किती पाणी ओलांडून आली असेल, आणि शेवटच्या जराशा अंतरासाठी इगतपुरीच्या एका म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांना वर पोचवलं, त्याचा मला अभिमानच आहे. पण कोणीतरी आपल्यालाही पोचवतं, तेही काही न मागता, हे साठीनंतर कळलं. वाळूला लागलो आणि रडलो. मंगला धावत आली, मला वाटलं आता ऐकवणार. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा जा, मला नीट दिसलं नाही."

त्यानंतर रोज लाटा मिळत गेल्या. सगळ्या नाही, पण पुष्कळ. पडलो नाही असा एक दिवस नाही. साई म्हणतो, पडणारच, फक्त आडवं पडायचं आणि डोकं सांभाळायचं. आता आम्ही घरी आलोय. इकडे कडाक्याची थंडी आहे, घाटातून वारं येतंय, आणि खुर्चीत बसलो तरी माझं अंग अजून डुलतंय. मंगलाचं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालंय, की हे आमचेच.

आता खरं बोलतो. वहिनी, तुम्ही वाचत असाल तर इथून जरा मोठ्याने वाचा. नाथा, तू फोन का उचलत नाहीस ते मला माहीत आहे. उजव्या अंगाबरोबर तुझं बोलणंही गेलंय, तोंडातून शब्द येत नाही, नुसता आवाज येतो, आणि तो मी ऐकू नये असं तुला वाटतं. वहिनींनी रडत सांगितलं. मी भेटायला येतो म्हटलं तर डाव्या हाताने नको नको केलंस, तेही सांगितलं. म्हणून पत्र लिहिलं, याला उलट बोलावं लागत नाही. पण नुसतं लिहून माझं भागत नाही रे. लाटेवर उभा राहिलो तेव्हा पहिलं मनात काय आलं माहीत आहे? हे नाथाला सांगायचं. मला तुझ्यावाचून करमत नाही, हे तोंडावर कधी म्हटलं नसतं, कागदावर म्हणतो. गुरुवारच्या सकाळच्या एसटीने मी देवळ्याला येतोय. नको असेन तर हाताच्या खुणेने चालणार नाही, खाटेवरून कोणी केलेली खूण मी मानत नाही. दारापर्यंत ये, माझ्यासमोर उभा राहा आणि हाकलून दे. शिव्या जमत नसतील तर नुसता आवाज कर. मी तो ऐकायलाच येतोय.

तुझाच, हाकलल्याशिवाय न हलणारा,
धनराज