पाणी पिणारं बाजारतळ

सिरसाळा,
दि. ६ मे

चि. सत्यशीला,
आण्णाचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू "बरंय आण्णा, ठेवते" म्हणतेस आणि ठेवतेस. म्हणून कागद घेतला. कागदाला 'ठेवते' म्हणता येत नाही.

आम्ही दोघं ठीक. काळी गाय व्याली, कालवड झाली. तानाजीने यंदाही कापूसच लावायचं ठरवलंय. माझं ऐकलं असतं तर तो तुझा भाऊ कसला! ऊन मात्र असं आहे की दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.

आता मुद्द्याचं. बाजारतळावर सिमेंट पडणार नाही. एक तारखेच्या ग्रामसभेत ठरलं. तुझे ब्लॉक जिथल्या तिथे राहणार, कडेची लिंबाची रोपंही राहणार. घोटभर पाणी पी आणि मग पुढे वाच.

उद्घाटनाच्या दिवशी तू जेवल्यावाचून पुण्याला निघून गेलीस, ते अजून आमच्या घशात अडकलंय. परळीच्या वीजकेंद्रातली राख आणि खडी मिसळून तू ते बारीक भोकांचे ब्लॉक करवून घेतलेस, खाली खडीचा थर दिलास, वरचं पाणी मुरून हापशाला उतरेल म्हणालीस. मी गावभर सांगत सुटलो, आमच्या पोरीची फरशी पाणी पिते म्हणून. आणि पाहुण्यांसमोर टँकर सोडला तर पाणी घोट्याएवढं तुंबलं. पंचायतीतला अमरसिंह माईकवर म्हणाला, "आण्णा, पोरीनं बाजारतळ केलं का म्हशी धुवायचं तळं?" सगळे हसले. तुझा चेहरा मला बघवला नाही.

तर झालं असं होतं की ब्लॉकची भोकं बुजली होती. घाण बसली होती आत. कसली घाण, ते जाऊ दे. मातीच समज.

नाही, हे असं लिहून चालायचं नाही. तुझ्या आईने बजावलंय की पोरीला एवढंच कळवा, साफसफाई झाली, पाणी मुरतंय. पण जे मी त्या सभेत पाहिलं ते तुला सांगितलं नाही तर माझं पोट फुगेल.

सिमेंटचा ठराव अमरसिंहानेच मांडला होता. पुरावा म्हणून त्याने एक ब्लॉक उपटून टेबलावर ठेवला आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी ब्लॉकवरून घरंगळून सतरंजीवर गेलं. "हे बघा, लई पाणी पितंय!" पुन्हा हशा. मी बोलायला उठलो, पण माझ्याकडे बोलायला होतं काय?

तेवढ्यात बायकांच्या बाजूने तुझी आई उठली. आपली वत्सला, जी पाहुण्यांसमोर मला हाकसुद्धा मारत नाही! पदर खोचला, टेबलाशी गेली, ब्लॉक उलटापालटा केला. अंबाड्यातला आकडा काढून भोकात घातला, खरवडून बाहेर काढलं, वास घेतला.

"हे शेण हाय," ती म्हणाली. "अन् माज्याच गोठ्यातलं हाय. माज्या लेकीच्या कामात खोट न्हाई. म्या सडा टाकला, म्या बुजिवलं. काय बोलायचं ते मला बोला."

अगं, ब्लॉक बसल्यापासून उद्घाटनापर्यंत ती आणि आळीतल्या बाया रोज पहाटे तिथे शेणाचा सडा टाकत होत्या. लेकीने गावाला अंगण दिलं, ते बिनसड्याचं कसं ठेवायचं? ऊन चढलं की खराट्याने झाडून वरून लख्ख. शेण मात्र आत आत बसत गेलं. तू पावसाचा, गाळाचा, पाल्याचा विचार केला होतास. आईच्या कौतुकाचा केला नव्हतास. मीही रोज बघत होतो आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

सरपंच मोहनराव म्हणाले, "वैनी, सडा टाकणं काय गुन्हा हाय का?"

"गुन्हा न्हाई ना? मग तिच्या कामावर सिमेंट कावून टाकता?"

तिने तो ब्लॉक तसाच उचलून हापशाखाली नेला, घासघासून धुतला आणि आणून अमरसिंहाच्या हातात दिला. "आता वत." त्याने ओतलं. सगळं पाणी ब्लॉकमधून थेट त्याच्या नव्या कोऱ्या बुटांवर! पहिला हसला तोच, आणि ब्लॉक राहू द्या म्हणून पहिला हातही त्यानेच वर केला. माणूस तसा वाईट नाही.

दुसऱ्याच दिवशी मोटारीचे पाइप लावून सगळ्या आळीने तळ धुतलं. मग टँकर पुन्हा सोडला. पाणी बघता बघता गडप झालं! मी तिथेच मांडी घालून बसलो आणि पोरासोरांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

तेलगावची माणसं येऊन गेली. त्यांना शाळेचं पटांगण असंच करून पाहिजे. मी म्हटलं, तिच्या मागे कामं लई हायेत, विचारून सांगतो. ऐट करायची ती मग कधी?

आई आता पहाटे बाजारतळाच्या तोंडाशी उभी राहते आणि बादली घेऊन येणारीला माघारी धाडते. पण तुझा फोन वाजला की गोठ्यात निघून जाते. मला म्हणते, "पोरगी आता माजं तोंड बघायची न्हाई." चारचौघांपुढे न भ्यालेली बाई तुला भिते आहे, सत्यशीला.

तेव्हा आता फोन केलास की आण्णा कसे आहात विचारू नकोस. थेट म्हण, आईला द्या. मी फोन घेऊन गोठ्यापर्यंत जाईन.

गावात सध्या 'सत्यशीलाचा बाप' आणि 'वत्सलाबाईचा नवरा' या दोनच नावांनी ओळखला जाणारा,
तुझा आण्णा,
गहिनीनाथ