ट्रक-ट्रेलर एकजीव झाल्याबाबत

ती. ताईस,

"जे जोडशील ते पुन्हा सोडवता येईल असं जोड," असं तू मला तीस वर्षांपूर्वी म्हणाली होतीस. मी तेव्हा माझी वेणी खुर्चीच्या पाठीला सतरा गाठींनी बांधून घेतली होती (अभ्यास सोडून उठू नये म्हणून, असं अंधुक आठवतं) आणि तू कात्री हातात घेऊन विचार करत उभी होतीस. ते वाक्य कालपासून माझा पिच्छा सोडत नाही. नमस्कार साष्टांगच समज, कारण काल तासभर आपल्या ट्रकखाली आडवी होते, फक्त उताणी.

तुझी तब्येत बरी आहे ना, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? भाऊजींची खोकल्याची ढास कमी झाली का? भाऊजी, नसेल झाली तर आधी पाणी पिऊन घ्या. हे पत्र ताईला तुम्हीच वाचून दाखवणार आणि पुढे एकदोन ठिकाणी घसा बसायची शक्यता आहे. कंसातलं मात्र मनातल्या मनात वाचा. (परवा फोनवर तिनं ट्रेलर विकून टाक म्हणून सांगितलं, तेव्हा फोन ठेवल्यावर ती काय म्हणाली? मला तिचा आवाज जरा जास्तच खणखणीत वाटला.)

तर, काम तू सांगितलंस तसंच करायला घेतलं. कोंबडीखाद्यवाले रविवारी ट्रेलर न्यायला येणार, आणि त्यांची एकच अट, सेफ्टी चेन नव्या हुकांसकट पक्क्या हव्यात. म्हणजे प्रत्येक साखळीच्या टोकाला एक जोडकडी, जोडकडीत हूक, आणि हूक ट्रकच्या मागच्या कड्यात. (भाऊजी, तुम्ही जन्मभर भूगोल शिकवलात म्हणून सांगते. ट्रेलरचा दांडा ट्रकला अडकवलेला असतो. तो कधी निसटलाच तर ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून दोन साखळ्या. त्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून न्यायच्या, म्हणजे पडणारा दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडतो.) मी चटई टाकली, बॅटरी दातात धरली आणि आत सरकले. आणि ताई, बॅटरी दातातून सुटून नाकावर पडली.

साखळी तारेनं बांधलेली होती. सळ्या बांधायच्या साध्या तारेनं. जोडकडी नाही, हूक नाही, दोन्ही बाजूंना तार. एक दिवा लागत नाही म्हणून मला अर्ध्या वाटेतून परत पाठवणारी तू. खुर्च्या नाड्यानं बांधल्या म्हणून हमालाला तीन दिवस तोंड न दाखवणारी तू. चौदा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता गाडी नको म्हटलं, तेव्हा ट्रकची किल्ली माझ्या ओंजळीत टाकून तू काय सांगितलंस? साखळीवर विश्वास ठेव. मी ठेवला. लग्नांना भाड्यानं द्यायच्या दोनशे खुर्च्या आणि पन्नास टेबलं घेऊन घाटाच्या उतारावरून त्या तारेच्या भरवशावर गाणी म्हणत गेले.

रागाच्या भरात माणसाचं काम फार चांगलं होतं, हे मला काल कळलं. तार तोडून फेकली. जोडकडीचे दोन अर्धे भाग समोरासमोर धरले, मधलं नळकांडं बसवलं आणि पिन अशी ठोकली की ती कडीच्या पोटात दिसेनाशी झाली. मग लक्षात आलं की हूक कागदाच्या पुडीत सीटवर आहेत. साखळी थेट ट्रकच्या कड्यालाच जोडली गेली होती. दांडा सोडवता येतो, साखळी येत नाही. थोडक्यात, आपला ट्रक आणि ट्रेलर आता एकजीव आहेत.

कालपासून मी जिथे जाते तिथे अख्खं लटांबर जातं. दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, तिथे पाच गाड्यांची जागा अडवली. तिथला राखणदार म्हणाला, "बाई, दात केवढा आहे नक्की?" दूध घ्यायला गेले तर गल्लीत वळता येईना, म्हणून सरळ जात राहिले आणि पुढच्या वस्तीतून दूध घेऊन आले. संध्याकाळी कोंबडीखाद्यवाले माल बघायला म्हणून टपकले. त्यांनी दोनदा प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "मला शेपूट हवं होतं, तुम्ही तर बैलासकट उभ्या आहात." रविवारपर्यंत सोडवून ठेवा म्हणाले.

पिन उलटी ठोकून काढायला पंच लागतो, पिनेवर टेकवून हातोडा मारायची ती बोटभर पोलादी सळई. तो शोधायला तुझी अवजारांची पेटी पार तळापर्यंत उपसली. (भाऊजी, हा कंस नाही असं समजा आणि पुढचं मोठ्यानं, पण सावकाश वाचा.) तळाशी एका फडक्यात जुन्या दोन जोडकड्या होत्या. अगदी याच मापाच्या. दोन्हींवर हातोड्याचे घाव होते, चाळीसएक तरी. भोकाच्या वर, खाली, डाव्या-उजव्या अंगाला. पिनेवर एकही नाही.

मग मी फेकलेली तार शोधून आणली. नऊ वेढे, सगळे एकाच मापाचे, आणि टोकं आत दुमडलेली, कुणाच्या हाताला बोचू नयेत म्हणून. बोटांनी बघून बांधलेली तार. तू आधी किती दिवस ठोकत बसली होतीस, हे मी विचारणार नाही. कुणाला हाक का मारली नाहीस, हेही नाही. मी त्या वेळी त्याच आवारात, पंधरा पावलांवर, खुर्च्या पुसत होते.

बाकी सर्व क्षेम. दात वाचला.

तुझी,
धाकटी

ता.क. गॅरेजवाले काका आज सकाळी येऊन गेले. दोन घाव घातले की पिन बाहेर, म्हणाले, दोन मिनिटांचं काम. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

ता.क. दुसरा. पहिली जोडकडी चुकून बसली, हे खरं. दुसरी फडकं सापडल्यानंतर बसवली. हूक तेव्हा माझ्या मांडीवर होते.

ता.क. तिसरा. मला ट्रेलर विकायचा नाही. चालवायला मी आहे, पण निघण्याआधी साखळ्या चाचपून बघायला माणूस हवंय, आणि त्याला डोळे लागत नाहीत. तू नाही म्हणशील. चौदा महिने आवारात पाऊल टाकलेलं नाहीस, ते एका पत्रानं टाकशील असं समजण्याइतकी मी आता भोळी नाही. तेव्हा निदान एवढं कर. ट्रेलर द्यायचाच असेल तर रविवारी सकाळी ये आणि पिन तूच काढ. हातोडा तू मार. पंच मी धरीन, उघड्या बोटांनी.