तुझा हिरवा डाग

प्रिय वैशू,

उद्या आपला नकाशा कॉलेजात द्यायचाय आणि तुझा एक हिरवा डाग पुसायचा की ठेवायचा, हे ठरत नाहीये. तुला विचारल्याशिवाय कसा पुसू?

कोकणातल्या खाडीत सरांनी शिकवलं होतं, आठवतं? उपग्रहाच्या फोटोत काळपट दिसेल तिथं होडी न्यायची, दोरी बांधलेलं दाताळं टाकायचं, पाण्याखालचं गवत वर येतंय का बघायचं. परतीच्या एसटीत मी म्हटलं, "नगरला कुठली गं खाडी?" तू म्हणालीस, "नसंना का. धरणाचं बॅकवॉटर हाय की." घरी आल्या आल्या दोन दाताळी पाठीला पाठ लावून बांधलीस पण.

तुमच्या गावच्या वळणावरचा फोटोतला काळपट डाग तू गवत म्हणायचीस, मी सावली. "गवत निघालं तर त्याची भाजी खायची तू," अशी पैज लावलीस. आणि दाताळं टाकायच्या आधीच हिरवा रंगवून मोकळी. कसली एवढी घाई? डेंग्यूलाही तुझ्याइतकीच घाई होती; दाताळं टाकायच्या आधीच नेलं तुला.

काल तुझ्या अण्णांनी आपणहून होडी काढली. दाताळं जड आलं. वाटलं, हरले मी. अण्णांनी गाळ झटकला.

"मका हाय ही. आपलीच. पानी उतरलं तवा गाळात पेरल्ती, औंदा लवकर चढलं." मग हळूच, "वैशूनंच पेरली. तुला न्हाई बोलली?"

नाही बोललीस. फोटोत तुझाच बुडालेला मका होता. तुला ओळखू आला नाही? की माहीत होतं आणि मला उगाच भाजी खायला लावायची होती? आता कुणाला विचारू हे?

दुसऱ्यांदा टाकलं तर कुजक्या ताटांत एक पान अडकून आलं. रिबिनीसारखं, हिरवंगार.

"हे मक्याचं न्हाई," अण्णा म्हणाले. "म्हशी खातात का?"

"माहीत नाही, अण्णा."

एका पानाच्या पुराव्यावर नकाशात गवताचा रंग भरता येत नाही. वाहूनही आलं असेल. मी तसं सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "मग या साली हितं पेरत न्हाई मी. बघू, आपलं आपण काय उगवतंय."

म्हणून वैशू, हिरवा रंग पुसतेय. पेन्सिलची कड तेवढी ठेवतेय. पाणी पुन्हा चढलं की पहिलं दाताळं तिथंच टाकीन. गवत निघालं तर भाजी खाईन, तुमच्याच घरी, अण्णांच्या शेजारी बसून. मीठ मात्र मी घालणार.

तुझी,
अजून न हरलेली
अश्वू