पितळी पाटीवरचं नाव

साहेब, तुम्हाला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तुम्हाला जाऊनही बारा वर्षं झाली. तेव्हा हे कुठे पोचायचं नाही, ठाऊक आहे मला. तरी परवा तुमच्या डॅनिश मंडळींच्या हॉलमध्ये जे झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं. युद्ध संपल्याला चाळीस वर्षं झाली म्हणून ते भिंतीवर पितळी पाटी लावताहेत, जर्मनांविरुद्ध लढलेल्या आपल्या माणसांच्या नावांची. त्यात तुमचं नाव नाही.

डेट्रॉइटच्या त्या ड्रॉइंग ऑफिसात मी नवा होतो. देशातली डिग्री, अंगावर उसना कोट. तुम्ही एक लोखंडी ब्रॅकेट मिनिटभर माझ्या हातात देता, काढून घेऊन खणात टाकता आणि म्हणता, आता आठवून कागदावर काढ. मी पाच भोकं काढतो. असतात सहा. बाकीचे हसतात, तुम्ही हसत नाही. "त्या सहाव्यापायी एखादा माणूस मेला असता," म्हणता. मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त दिसतोय. पुढे एका जेवणाच्या सुट्टीत तुम्ही विचारलंत, तुमच्या शाळेत पाठ कसं करून घेतात? मी सांगितलं, कविता चालीवर म्हणतात, चाल लागली की शब्द आपोआप मागून येतात. आणि भुजंगप्रयातातल्या चार ओळी लाजत लाजत म्हणूनही दाखवल्या. अजून डोळ्यांसमोर आहे, तुम्ही सँडविच बाजूला सारून बोटांनी टेबलावर ताल धरलात. मग मान खाली घालून म्हणालात, "मीही तसंच केलं होतं."

तेव्हा सगळं कळलं. तुमच्या देशात जर्मन आले आणि तुम्हा वैमानिकांची विमानं कुलपात गेली. तुम्ही किनाऱ्यावरच्या खानावळीत त्यांच्याच अधिकाऱ्यांबरोबर बिअर पीत बसू लागलात, त्यांच्याबरोबर वाळूवर फिरायला जायचं आणि तोफा मोजायच्या. कागद झडतीत सापडतो, म्हणून चर्चमधल्या एका प्रार्थनेच्या एकेका सुरावर एकेक तोफ बसवलीत. टेहळणीचा मनोरा आला की सुरात तिथे श्वास घ्यायचा. गाव तुमच्यावर थुंकलं. मासेमारीच्या होडीत लपून इंग्लंडला पोचलात, अख्खा किनारा इंग्रजांना आठवणीतून कागदावर काढून दिलात, तर ते म्हणाले, एवढं कुणाच्या लक्षात राहतं का? हा जर्मनांनीच पढवून पाठवलेला. टाकलं तुरुंगात.

परवा डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयहून माझी मुलगी ड्राइव्ह करून मला त्या हॉलवर घेऊन गेली. पार्किंगमध्येच बजावलंन, "बाबा, प्लीज सीन करू नका. दिस इज नॉट युअर फाइट." मी म्हटलं, या देशात ज्याने मला हातात पेन्सिल धरायला शिकवलं, त्याची फाइट माझी नाही तर कुणाची? पाटीच्या कमिटीचे अध्यक्ष तसे सभ्य गृहस्थ. म्हणाले, जर्मनांबरोबर पिताना तुमच्या साहेबांना गावाने पाहिलंय, हेरगिरी कुणीच पाहिलेली नाही. वर मला म्हणाले, तुम्ही कॉफी घ्या. कॉफी नको, नाव हवंय, मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा गोऱ्या माणसांच्या सभेत माझा आवाज चढला, आणि मी तो उतरवला नाही.

"तुम्ही स्वतः काय पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"नकाशा. माझ्यासमोर आठवणीतून काढला त्यांनी, एकेका तोफेसकट."

"शपथेवर लिहून द्याल?"

दिलं. तिथल्या तिथे, नोटरीसमोर. कमिटी पुढच्या महिन्यात ठरवणार आहे. मुलीने गाडी हमरस्त्याला घातली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आय नेव्हर न्यू यू सॉ इट." मी म्हटलं, पुढे बघून चालव.

साहेब, तो नकाशा तुम्ही मला कधीच काढून दाखवला नाहीत. एकदा मी मागितला होता, तर म्हणालात, तो विसरायलाच मला दहा वर्षं लागली. म्हणजे शपथ खोटी आहे. असू दे. इंग्रजांना खरं सांगून तुम्हाला काय मिळालं? पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन. फक्त तोफा किती होत्या असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सतरा म्हणालो. तो आकडा माझ्या मनाचा आहे.